डाळ शिजत नाही, नळ पांढरे पडतात: सॉफ्टनर घेण्याआधी हे करा

सदाशिव पेठेतून वाघोलीच्या नव्या सोसायटीत आल्यापासून तूरडाळ शिजत नाही, नळांवर पांढरे डाग पडतात, केस राठ झालेत, आणि विक्रेता अख्ख्या घराला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं मशीन, बसवा म्हणतोय, तर बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: इतक्यात नको. आधी पाणी तपासून घ्या, आणि तपासायचा तो हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) नव्हे.

पेठेत तुम्हाला खडकवासल्याचं पाणी मिळत होतं. पानशेत, वरसगाव, टेमघर इथे सह्याद्रीच्या अंगावर पडलेला पाऊस थेट धरणात येतो, जमिनीत फार काळ मुरत नाही, म्हणून त्यात क्षार कमी असतात. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली, पण तिथल्या कितीतरी सोसायट्यांची भिस्त अजून बोअर आणि टँकरवरच आहे, आणि टँकरही बहुधा कुठल्यातरी विहिरीवरच भरलेला असतो. काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत आलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. त्यामुळे एकाच सोसायटीत आज एक पाणी आणि परवा दुसरं, असंही होतं. टाकीत कधी काय पडतं हे सेक्रेटरींना किंवा वॉचमनला नीट विचारा. मगच नमुना घ्या, आणि बोअरचा वेगळा, टँकरचा वेगळा घ्या.

विक्रेत्याच्या हातातलं टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत याचा अंदाज देतं. त्यात साधं मीठही आलं. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो, आणि तो हे मीटर वेगळा दाखवू शकत नाही. काही जण दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून दाखवतात. तुमच्या नळाचं पाणी तपकिरी गढूळ होतं, त्यांच्या मशीनचं स्वच्छ राहतं. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते, कांडीतलं लोखंड झिजून उतरलेलं असतं. त्यांच्या मशीनमधल्या आरओच्या, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या फिल्टरच्या, पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि काहीच होत नाही. अशा प्रयोगाला घाबरून घरातल्या ज्येष्ठांनी चेक फाडू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या कुठल्याही लॅबमधून 'टोटल हार्डनेस' काढून घ्या. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं धरलंय.

आता डाळ. कॅल्शियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिन या चिकट घटकाला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही, वरण एकजीव होत नाही. शिट्ट्या वाढवून गॅस जाळण्यापेक्षा डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी घ्या. चिमूटभर खायचा सोडा टाकल्यानेही काम होतं, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून रोज नको. चहावर येणारी तेलकट साय याच पाण्याची. तिथेही तोच उपाय.

घरात खरा खर्च होतो तो गरम पाण्याचा. पाणी तापलं की त्यातला बायकार्बोनेट फुटतो आणि चुन्याचा थर कॉइलवर बसतो. थर जाड होत गेला की पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, शेवटी कॉइल जळते. तापमान जितकं जास्त तितका थर जास्त, म्हणून गिझर ७५ वर ठेवण्याऐवजी ५०-५५ वर ठेवा. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी पाहायला सांगा. ती संपली की टाकी गंजायला लागते. गच्चीवर सोलर असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा प्रकार जड पाण्यात लवकर तुंबतो, काचेच्या नळ्यांचा जास्त टिकतो.

केसांचं म्हणाल, तर जड पाण्यात साबणाचा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. डोक्याला वडीचा साबण लावत असाल तर बंद करा आणि शेवटचा एक तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घ्या. कपड्यांना पावडरीसोबत थोडा धुण्याचा सोडा चालतो, रेशीम आणि लोकर सोडून.

मुतखड्याची भीती अनेकांना वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा घातलेली नाही. घरात कुणाला खडे असतील तर डॉक्टरांना विचारा, पण तेवढ्या भीतीपोटी मशीन घेऊ नका.

रिपोर्ट ३००-४०० च्या पुढे आला तर सॉफ्टनर जरूर घ्या, पण बाथरूम, गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनला. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. दर १०० मिलिग्रॅम हार्डनेसमागे लिटरला सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात बीपीचा पेशंट असेल तर स्वयंपाकघराची लाइन वेगळीच ठेवा. सॉफ्टनरमध्ये ठरावीक दिवसांनी मीठ घालावं लागतं, आणि त्या मिठाने मशीन धुतलं जातं तेव्हा निघणारं खारट पाणी कुंड्यांना किंवा पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात जाता कामा नये. त्यापेक्षा सोसायटीने मिळून एकच मोठा बसवला तर देखभाल एका जागी होते. पुढच्या मीटिंगला हा विषय तुमचा रिपोर्ट हातात घेऊन मांडा.

नळांवरच्या डागांसाठी लिंबूफुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) कोमट पाणी कपड्यात भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवा, नळाची जाळी काढून त्यातच बुडवा. मात्र हे पाणी कडप्प्याच्या ओट्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. दोन्ही चुन्याचेच दगड, त्यांची चकाकी जाऊन कायमचे डाग पडतात. आणि बाथरूममध्ये ॲसिड वापरलंत तर त्यात ब्लीच कधीच मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.