वाचक विचारतात : मालक गावाला गेले की कंपनी का अडते?

प्रश्न : नमस्कार सर. शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे, ग्रे आयर्न आणि एसजी (जास्त चिवट) अशी ओतीव लोखंडाची दोन्ही कास्टिंग काढतो, कॉन्ट्रॅक्टची माणसं धरून नव्वदच्या आसपास लोक. वय ५४. अडचण अशी की मी नसलो की काहीच हलत नाही. भाच्याच्या लग्नाला बेळगावला गेलो तर अक्षता पडेपर्यंत फोन चालू. स्क्रॅपची गाडी आलीय उतरवू का, कस्टमरचा क्वालिटीवाला आलाय काय सांगू, स्पेक्ट्रोत (धातू तपासायच्या यंत्रात) सिलिकॉन कमी दाखवतंय काय करू. मुलगा पुण्यात आयटीत, त्याला यात यायचं नाही. मित्र म्हणतो चांगला पगार देऊन एक सीईओ आण आणि मोकळा हो. आणू का?
— एक फौंड्रीवाले, कोल्हापूर

उत्तर : मालक, आत्ता आणू नका. आणलात तर काय होईल सांगतो. तो केबिनमध्ये बसेल, लॅपटॉपवर चांगले चार्ट काढेल, आणि तुमची माणसं त्याच्या केबिनवरून पुढे जाऊन तुम्हालाच फोन करतील, कारण वीस वर्षं त्यांना तीच सवय तुम्ही लावलीय. सहा-आठ महिन्यांत तो जाईल आणि तुम्ही म्हणाल बाहेरची माणसं टिकत नाहीत.

लोक मोठ्या कंपन्यांची उदाहरणं देतात. बॉयलर बनवणारी पुण्याची थरमॅक्स घ्या. कंपनीचे प्रमुख रोहिंटन आगा १९९६ साली वारले, त्यांच्या पत्नी अनु आगांनी धुरा घेतली, पुढे कंपनी अडचणीत आल्यावर बोर्ड नव्याने बांधलं आणि घरची माणसं रोजच्या कारभारातून बाजूला झाली. २००४ ला त्यांची मुलगी मेहेर पदमजी चेअरपर्सन झाल्या, रोजचा कारभार प्रोफेशनल एमडीकडे. हे सगळं खरं, पण तिथे एमडी यायच्या आधीच खाली डिपार्टमेंट हेड होते, बजेटं होती, प्रश्न विचारणारं बोर्ड होतं. तुमच्याकडे मधला मजलाच नाहीये. खाली फोरमन, वर तुम्ही.

तेव्हा आधी फोनपासून सुरू करा. पंधरा दिवस एक वही खिशात ठेवा, कुणाचा फोन आला, काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, एवढंच लिहा. शेवटचा रकाना महत्त्वाचा. वही वाचली की दिसेल की बरेचसे फोन तेच ते आहेत आणि तुमचं उत्तरही दर वेळी तेच आहे. जे उत्तर दर वेळी तेच असतं त्याला मालक लागत नाही, कागद लागतो.

सिलिकॉनचंच बघू. ५०० किलोची हीट (भट्टीतली एक खेप), सिलिकॉन ०.२० टक्के कमी. म्हणजे निव्वळ सिलिकॉन १ किलो हवं, तुमचं फेरोसिलिकॉन ७० टक्क्यांचं असेल आणि रिकव्हरीची थोडी घट धरली (टाकलेलं सगळं धातूत मिसळत नाही) तर दीड किलोच्या आसपास टाकायचं. हे गणित तुम्ही मनात करता म्हणून तुम्ही उस्ताद, पण ते भट्टीच्या पॅनलशेजारी तक्त्यात लावलं तर मेल्टरही करेल. आणि एसजीमध्ये तर पर्यायच नाही, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की धातू दहा-बारा मिनिटांत ओतून संपवावा लागतो, नाहीतर मॅग्नेशियम उतरतं आणि कास्टिंग रिजेक्शनला जातं. त्या दहा मिनिटांत तुमचा फोन एंगेज लागला की काय करायचं त्या पोराने? तो ओततो. कारण न ओतल्याबद्दल शिव्या बसलेल्या त्याला आठवतात, खराब ओतल्याबद्दल मात्र उद्या शेकआउटला, साचा फोडताना कळतं आणि तोपर्यंत शिफ्ट बदललेली असते.

म्हणून तक्त्याच्या खाली अजून एक ओळ लिहा : या मर्यादेच्या बाहेर असेल, किंवा वेळ उलटली असेल, तर हीट पिग करायची, म्हणजे साच्यात न ओतता लाद्या पाडून बाजूला काढायची, कुणालाही न विचारता. खरी परीक्षा या ओळीची आहे, आणि ती मेल्टरची नाही, तुमची आहे. पहिल्यांदा तो ५०० किलो धातू पिग करेल, वीज गेली, वेळ गेला, डिस्पॅच चुकला, आणि नंतर कळेल की कदाचित ओतला असता तरी चाललं असतं. त्या संध्याकाळी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापलंत तर तक्ता रद्दी झाला म्हणून समजा, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा फोन. तक्त्याप्रमाणे वागून नुकसान झालं तर तक्ता दुरुस्त करायचा, माणूस नाही. तक्ता मोडून नुकसान केलं तर मात्र बोला, जरूर बोला.

बाकीचं पटकन सांगतो. ब्रेकडाऊनच्या खरेदीला रकमेची हद्द ठरवा, समजा २५ हजारांपर्यंत मेंटेनन्सवाल्याने आणायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. स्क्रॅपला ग्रेड, रेट आणि उतरवण्याआधीची तपासणी लिहून द्या. फक्त माल घेणारा आणि त्याचं पेमेंट सोडणारा एकच माणूस नको, विश्वास कितीही असला तरी नको, इथे मी अजिबात मवाळ नाही.

कस्टमरचा क्वालिटीवाला आला की तुम्हीच का लागता, हा प्रश्न थोडा नाजूक आहे. बहुतेक वेळा कारण असं की क्वालिटी इनचार्जला खरं बोलायची परवानगी नसते. सॅण्डचा सप्लायर बदलला, कोअरवर (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यावर) नवा माणूस बसवला, हे कस्टमरला सांगायचं की लपवायचं हे फक्त मालक ठरवतो, मग तो बिचारा काय बोलणार. एकदा ठरवून टाका की असले बदल आपण कळवतोच, निम्मे फोन तिथेच संपतील.

आता एक काम जे तुम्हाला आवडणार नाही. ऑटोला माल देत असाल तर तुमच्याकडे स्किल मॅट्रिक्स (कुणाला काय येतं त्याचा तक्ता) असेलच, आयएटीएफच्या, म्हणजे ऑटोवाल्यांच्या क्वालिटी प्रमाणपत्राच्या ऑडिटच्या आदल्या रात्री भरतात तो. (सगळेच तसा भरतात, लाजू नका.) त्यात पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहा. रेट काढणं, पॅटर्नमध्ये गेटिंग (साच्यात धातू जायची वाट) बदलणं, बँकेशी बोलणं, युनियनशी बोलणं, जुन्या कस्टमरच्या परचेसवाल्याला सांभाळणं. ज्या रकान्यात फक्त तुमच्याच नावापुढे खूण आहे तिथे कंपनी तुमच्या तब्येतीवर चालतेय. दर तिमाहीला एक रकाना निवडा आणि तिथे दुसरी खूण आणा. गेटिंगपासून सुरू करा असं मी म्हणेन, रेट सगळ्यात शेवटी द्या, कारण रेट काढताना चुकलं तर वर्षभर भोगावं लागतं.

तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की माणसं शिकलेली नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळरानावर उभी राहिली तेव्हा लक्ष्मणरावांकडे तरी कुठे डिग्रीवाले होते? अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण नवीन मशिनची डोकॅलिटी त्यांची. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. ज्याला जे येतं ते पूर्ण त्याच्याकडे, असा तो कारभार होता. तुमच्या मेल्टरला स्पेक्ट्रो वाचता येतो, मग अजून काय पाहिजे.

हे वर्ष-दीड वर्ष चाललं, फोन कमी झाले, दोन-तीन माणसं आपापला विभाग ओढायला लागली, की मग सीईओ शोधा. तेव्हा कदाचित तो तुमच्या आतच सापडेल.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर एमबीए, आणि आता पप्पांच्या अंबडच्या प्रेसशॉपमध्ये (पत्र्याचे पार्ट काढायचा कारखाना) डायरेक्टर, म्हणजे कागदावर. आमचे जुने सुपरवायझर काका माझं सगळं शांतपणे ऐकून घेतात, हो ताई म्हणतात, आणि मग जाऊन पप्पांना विचारून येतात. पप्पा पण लगेच उत्तर देऊन मोकळे. घरी जेवताना विषय काढला की भांडण. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सगळ्या कंपनीचा अधिकार मागू नका, मिळणार नाही आणि मिळाला तर पेलणार नाही (राग मानू नका). एक तुकडा मागा पण अख्खा मागा. एक कस्टमर, त्याची कोटेशनपासून वसुलीपर्यंत सगळी जबाबदारी तुमची, नफा-तोटा वेगळा काढून दर महिन्याला पप्पांसमोर ठेवायचा. लहान कस्टमर असला तरी चालेल, किंबहुना लहानच घ्या.

काकांबद्दल. ते तुमच्या विरोधात नसावेत. त्यांच्या उभ्या नोकरीत डाय सेटिंग चुकलं की जाब पप्पांनी विचारलाय, पगारवाढ पप्पांनी दिलीय, मुलीच्या लग्नाला उचल पप्पांनी दिलीय. मग विचारणार कुणाला? हे बदलायचं तर काकांना समजावून उपयोग नाही, पप्पांना फक्त तीन शब्दांची सवय लागली पाहिजे : ‘ताईला विचारलं का?’ एवढं बोलून त्यांनी फोन ठेवायचा. उत्तर माहीत असलं तरी. हे फार अवघड जातं मालक लोकांना, उत्तर ओठावर असतं ना. पप्पांशी हे बोलणं कंपनीत करा, दार लावून, जेवणाच्या ताटावर नको. आणि तुम्ही स्वतः डाय ट्रायलला काकांच्या शेजारी उभ्या राहा, शट हाइट (प्रेस मिटल्यावरची डायची उंची) कशी लावतात, बर (पत्र्याच्या कडेची कोर) आली की ते आधी काय बघतात, हे त्यांच्याकडून शिका. एमबीएत ते नव्हतं.

अजून एक, आणि हे मला पप्पांच्या बाजूने सांगावंसं वाटतं. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला त्यांची वैयक्तिक गॅरंटी असणार, बहुधा घराचे कागदही बँकेत असतील. तुमचा निर्णय चुकला तर घर त्यांचं जातं, म्हणून हात सुटत नाही. तेव्हा बँकेची बाजू शिकून घ्या. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला तुम्ही भरा, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या कर्जातून किती उचलता येतं ते, कशी निघते ते बघा, नव्वद दिवसांच्या वर गेलेल्या बिलांनी ती कशी खाली येते ते बघा. आणि उद्यम रजिस्ट्रेशनमध्ये (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर कस्टमरला आठवण करून द्या की करारात ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत बिलाचे पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला इन्कम टॅक्समध्ये पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, हा नियम २०२४ पासून लागू आहे. मोठे कस्टमर यावर नाक मुरडतात, ऑर्डर हलवायची भीती दाखवतात, तेव्हा पत्र पाठवायच्या आधी पप्पांशी बोला. थकलेले पैसे तुम्ही आत आणलेत की जेवणाच्या ताटावरची भांडणं बरीच निवळतील असा माझा अंदाज.

प्रश्न : मी चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर आहे. मालकांनी आम्हा सहा जणांना लोणावळ्याला रिसॉर्टवर लीडरशिप ट्रेनिंगला पाठवलं, खेळ झाले, फोटो झाले, सोमवारी परत जैसे थे. अशा ट्रेनिंगचा उपयोग असतो का?
— नाव नको

उत्तर : जेवण चांगलं होतं ना, मग अगदीच वाया नाही.

चेष्टा सोडा. भारतात या विषयावर गंभीर काम झालंय. २००७ ला प्रोफेसर शोजी शिबा यांच्या मार्गदर्शनाखाली व्हीएलएफएम नावाचा, कारखान्यांसाठी नेते घडवायचा कार्यक्रम सुरू झाला, सीआयआय ही उद्योगांची संघटना, आयआयटी कानपूर, आयआयटी मद्रास, आयआयएम कलकत्ता आणि जपानची सरकारी मदत संस्था जायका असे सगळे त्यात होते, शिबांना २०१२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यात नुसतं वर्गात बसणं नव्हतं, शिकलेलं खऱ्या कारखान्यात वापरून दाखवायचं होतं, आणि वरच्या साहेब लोकांसाठीही वेगळा कोर्स होता. तुमच्या लोणावळ्यात मालक होते का? नसतील तर सहा जण शिकून आले आणि सोमवारी ज्याच्यासमोर उभे राहिले तो शुक्रवारचाच होता.

मालकांकडे अजून एक ट्रेनिंग मागू नका. एक चालू दुखणं मागा, लाइन रिजेक्शन किंवा टूल बदलायला लागणारा वेळ, तीन महिन्यांची तारीख, थोडं बजेट, आणि त्या विषयाची आठवड्याची मीटिंग तुम्ही घेणार, मालक येणार नाहीत, त्यांना एक पानी रिपोर्ट जाईल. पहिल्या दोन मीटिंगला ते दारातून डोकावतीलच. त्यांना आत बोलवू नका, चहा मात्र केबिनमध्ये पाठवा.