तुमचे प्रश्न : भिशीची ट्रिप खिद्रापूरला

प्रश्न : आमच्या भिशीतल्या आम्ही अठराजणी, त्यात चार सत्तरीच्या मावश्या. एका दिवसात जाऊन यायचंय, जुनं काहीतरी बघायचंय आणि झाडाखाली बसून डबा खायचाय. पन्हाळा बघून झालाय. कुठं जावं?

उत्तर : ताई, खिद्रापूरला जावा की! कोल्हापुरातनं साधारण ६० किलोमीटर, कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यात. कोपेश्वराचं म्हणजे महादेवाचं देऊळ आहे, शिलाहार राजांच्या काळातलं, आणि तिथला स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांब आणि वर छताला मधोमध गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा, तिच्यावर उभं राहून वर बघायचं, बास. कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलावर येतो पण तेव्हा गर्दी पण तशीच असते, मावश्यांना घेऊन मी तरी जाणार नाही. बाहेरच्या बाजूला खाली हत्तींची रांग आहे ती सावकाश बघा, सगळे फोटोच काढत बसतात. आणि हो, समोर नंदी नाही, शोधत बसू नका, तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात. जवळच जुनं जैन मंदिर पण आहे.

पावसाळ्यात नको, कृष्णेला पूर आला की रस्ते बंद होतात. थंडीत सकाळी सातलाच निघा, दुपारी अनवाणी पायाला फरशी लई भाजते. मावश्यांना मोजे घालायला सांगा. येताना नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शन, कवठाची बर्फी. डब्यात बासुंदी नेऊ नका, कुरुंदवाडातच घ्या.