इंग्लंडमधल्या विगन गावात टेस्को सुपरमार्केटच्या जागी आधी रग्बी लीगचं स्टेडियम होतं का? होतं, तर ते पाडलं का?

होतं, आणि पाडलंही. नाव सेंट्रल पार्क. मी काही वर्षं मँचेस्टरला नोकरीला होतो आणि ऑफिसातला एक विगनवाला मला एका शनिवारी मुद्दाम ती जागा दाखवायला घेऊन गेला. दाखवायला म्हणजे काय, टेस्कोचा पार्किंग लॉट. ट्रॉल्यांच्या रांगेशी उभा राहून तो हातवारे करत होता: इथे डग्लस स्टँड, मागे डग्लस नदी, तिकडे कॉप. शेजारच्या रस्त्याचं नाव तेवढं सेंट्रल पार्क वे आहे.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. उत्तर इंग्लंडमधले रग्बी खेळाडू खाणीत, गिरणीत कामाला. सामन्यासाठी खाडा झाला की पगार कापला जायचा. ती भरपाई द्यायला रग्बीच्या संघटनेची परवानगी नव्हती, म्हणून 1895 मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. त्याचंच पुढे रग्बी लीग झालं. थोडक्यात, या खेळाचा जन्मच खेळाडूच्या पगारावरून झाला.

सेंट्रल पार्कवरचा पहिला सामना 6 सप्टेंबर 1902 चा. विगनने बॅटलीला 14-8 ने हरवलं. एप्रिल 1904 मध्ये रग्बी लीगचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना इथेच झाला. इंग्लंडसमोरच्या संघाचं नाव होतं ‘इतर राष्ट्रीयत्वे’! त्यात बहुतेक वेल्सचे आणि थोडे स्कॉटलंडचे गडी. तेव्हा नियम ठरायचेच होते, म्हणून प्रत्येकी बाराच जण खेळले. इंग्लंड 9-3 ने हरलं.

कॉपचं पूर्ण नाव स्पायन कॉप. दक्षिण आफ्रिकेतल्या या टेकडीवर 1900 मध्ये बोअर युद्धातली मोठी लढाई झाली आणि तिच्या आठवणीत इंग्लंडभर मैदानांच्या उंच, उभ्याने बघायच्या पायऱ्यांना कॉप म्हणायची पद्धत पडली. त्याच लढाईत गांधीजी जखमींना स्ट्रेचरवरून नेत होते. हे मी त्या मित्राला सांगितलं, त्याला पटेचना. फोनवर शोधून दाखवावं लागलं.

गर्दीचा विक्रम 27 मार्च 1959 चा. गुड फ्रायडे, समोर सेंट हेलन्स, म्हणजे सख्खे शेजारी आणि पक्के वैरी. 47,747 माणसं आली आणि विगन 19-14 ने जिंकलं. तेव्हा विगनकडे बिली बॉस्टन होता. कार्डिफच्या बंदरवस्तीतला हा कृष्णवर्णीय पोरगा विगनसाठी 478 ट्राय करून गेला. (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं.)

मला स्वतःला मात्र 1987 च्या ऑक्टोबरातली ती रात्र बघायला मिळायला हवी होती असं वाटतं. ऑस्ट्रेलियाचा विजेता मॅनली विरुद्ध विगन. अधिकृत आकडा 36,895 प्रेक्षक. एकही ट्राय नाही, सगळे गुण पेनल्टी किकवर, विगन 8-2. कागदावर कंटाळवाणा वाटेल, पण विगनमध्ये अजून त्याचं नाव काढलं की लोक खुर्ची पुढे ओढतात.

तिथून सुवर्णकाळ सुरू झाला. 1988 ते 1995, सलग आठ वेळा चॅलेंज कप, म्हणजे रग्बी लीगची मानाची बाद फेरीची स्पर्धा, जिंकली. पण असा संघ पोसायला पैसा लागतो. बाकीचे क्लब अर्धवेळ खेळाडूंवर चालत असताना विगनने सगळ्यांना पूर्णवेळ पगारावर ठेवलं होतं. त्यात 1989 मध्ये हिल्सबरो या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, त्यानंतर जुनी मैदानं सुरक्षित करण्याचा खर्च सगळ्यांच्याच डोक्यावर आला. क्लब कर्जात गेला आणि शहराच्या मध्यातली मोक्याची जमीन हीच विकण्याजोगी चीज उरली. ती टेस्कोने घेतली. खेळाडूच्या पगारावरून जन्मलेल्या खेळाचं हे मैदान एका अर्थी पगारापायीच गेलं, असं माझं मत.

शेवटचा सामना 5 सप्टेंबर 1999 ला, पुन्हा सेंट हेलन्सशीच, विगन 28-20. मग क्लब नव्या जेजेबी स्टेडियममध्ये गेला, विगन अ‍ॅथलेटिक या फुटबॉल संघाच्या जोडीने. खुर्च्या आहेत, छप्पर आहे. मित्राच्या मते तिथे “ओलं व्हायची मजा नाही”.

जाणार असाल तर गावातला बॉस्टनचा पुतळा बघा आणि पाय खा. चालायचा नव्हे, भाजलेल्या पारीत मांसाचं सारण भरलेला. विगनवाले तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात, थेट वडापावसारखा. आम्ही तो टेस्कोच्या दारात उभ्याने खाल्ला, भुरभुर पावसात. मित्र म्हणाला, साधारण इथेच, कॉपवर, बाबांच्या खांद्यावर बसून खायचो.