मुलांना घाणेरीला हात लावू द्यावा का?

नुकतेच साताऱ्यात राहायला आलोय, यवतेश्वरच्या रस्त्याला फिरायला गेलं की सात आणि चार वर्षांची मुलं घाणेरीच्या, म्हणजे टणटणीच्या झुडपाच्या, फुलांकडे धावतात, लोक म्हणतात विषारी आहे, तर काय करावं, असा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: हात खुशाल लावू द्या. तोंडात मात्र काही घालू देऊ नका.

त्याच रस्त्याने पुढे कासच्या फुलांच्या पठारावर गेलात की मुलांना सारखं 'तोडू नको, पाय देऊ नको' सांगावं लागतं. ते योग्यच आहे, २०१२ साली ते पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण सात वर्षांच्या मुलाला झाड कळतं ते पान चुरगाळून, फूल सुटं करून. त्यासाठी घाणेरीच बरी. ती इथली नव्हेच. अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणलेली, ती बागेतून रानात सुटली. आता अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, ओढ्याकाठी, पडीक बांधावर तीच. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, बुलबुल पिकलेली फळं खाऊन बी लांबवर नेऊन टाकतात. तिची चार पानं-फुलं तोडली तर रानाचं काहीच बिघडत नाही.

सुरुवात वासापासून करा, नाव नंतर सांगा. डहाळीला बारीक आकडेदार काटे असतात, म्हणून पान तुम्हीच खुडून द्या. आधी बोटाने वरची बाजू चोळू दे, चांगली खरखरीत लागते. मग चुरगाळून नाकाशी. आपण 'शी' म्हणायचं नाही, नुसतं विचारायचं, कशासारखा आला? माझ्या पुतणीला तो आजीच्या औषधाच्या डब्यासारखा वाटला आणि चक्क आवडला. हा उग्रपणा पानावरच्या बारीक लवेतल्या तेलाचा, हे सात वर्षांच्या मुलाला सहज समजतं.

फुलांपाशी मात्र निवांत बसा. गुच्छ नीट बघितला तर मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी दिसतील. पिवळी म्हणजे नुकती उमललेली. परागीभवन झालं की रंग पालटत जातो. फुलपाखरं बहुतेक पिवळ्यांवरच सोंड खुपसतात, कारण मध तिथे. मुलांना दहा मिनिटं गप्प बसवून कुठल्या रंगावर किती बसली ते मोजायला लावा. एक फूल ओढून काढलं की खालची बारीक नळी दिसते, मग सोंड लांब का असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

जवळपास निर्गुडी असेलच, ओढ्याच्या कडेला हमखास. पानं तीन-पाच एकत्र, खालून पांढुरकी, फुलं जांभळट. तिचाही वास उग्र, पण ही आपल्या मातीतली. गुडघे दुखले की म्हाताऱ्या माणसांना तिच्याच पाल्याचा शेक देतात. दोन्ही पानं चुरगाळून, मुलांचे डोळे मिटून ओळखायला लावा. चार वर्षांचं पोरही दोन-तीन फेऱ्यांत बरोबर सांगतं.

आता काळजीचं. हिरवी फळं विषारी असतात. पिकून काळी झालेली खेड्यातली मुलं खातात, हे खरं. पण त्या वयात हिरवं-काळं कळत नाही, त्यामुळे फळ खायचंच नाही असा एकच नियम ठेवा. गिळलंच तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा, फांदी सोबत न्या. खेळून झालं की हात साबणाने धुवायचे, तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत. एखाद्याच्या कातडीला खाज सुटते, त्याला पुढच्या वेळी नुसतं बघू द्या. दाट जाळीत कुणालाच शिरू देऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. आत काय बसलंय दिसत नाही. आणि कुणी शेळ्या-गाई पाळत असेल तर मुलांनी तोडलेला पाला गोठ्याजवळ टाकायचा नाही. भुकेल्या जनावराच्या पोटात तो गेला की यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.