फुफाटा, फाटे आणि फुटलेली ट्यूब

प्रश्न : आम्ही नऊ जण मोटरसायकलींवर कच्च्या रस्त्यांनी चार दिवसांची राइड आखतोय. वाटेत मोबाइलला रेंज नाही. डांबरीवर आम्ही एक डावीकडे, एक उजवीकडे असं आलटून-पालटून चालतो. तेच चालेल का?

उत्तर : नाही. कच्च्यावर एकेरी रांग, आणि अंतर पुढच्याचा फुफाटा खाली बसेल इतकं. वारा पडलेला असला तर ते अर्धा किलोमीटरही होतं. मग पुढचा दिसत नाही, म्हणून फाट्यावर माणूस उभा करायचा. सर्वांत पुढे लीड, सर्वांत मागे स्वीप. हे दोघे दिवसभर बदलत नाहीत. फाटा आला की लीडच्या लगेच मागचा वळणाच्या अलीकडे, लांबून दिसेल असा थांबतो आणि गाडीचं तोंड वळायच्या दिशेला करतो. बाकीचे पुढे जातात. मागून स्वीप दिसला की हा त्याच्या पुढे निघतो. ‘सगळे गेले असतील बहुतेक’ म्हणून उभा राहिलेला हलला की सगळं बिघडतं. ठरवून ठेवा : 15 मिनिटांत स्वीप आला नाही तर लीड मागे फिरेल आणि फाट्याफाट्यावरच्यांना गोळा करत येईल. तोवर जागा सोडायची नाही.

हातात पाना धरता येणारा माणूस स्वीपला ठेवा. बहुतेक गट त्याला हौसेने पुढे पाठवतात. बंद पडलेली गाडी मात्र मागेच राहते.

प्रश्न : पेट्रोलचा हिशेब कसा करायचा?

उत्तर : सर्वांत लहान टाकीवरून. समजा ती 11 लिटरची आहे आणि डांबरीवर 35 चं अॅव्हरेज देते. वाळूत, चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये 25 धरा. म्हणजे 275 किलोमीटर. त्यातला पाव भाग राखीव ठेवला की उरले 205 च्या आसपास. पुढचा पंप त्याहून लांब असेल तर जादा पेट्रोल न्या, पण इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये आणि काठोकाठ न भरता. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांना टाकीखाली पेट्रोल सोडायचा कॉक नसतो. एकीतलं पेट्रोल दुसरीत घ्यायला हातपंपाची नळी सोबत असू द्या.

प्रश्न : नवी ट्यूब घातली तरी दहा किलोमीटरमध्ये पुन्हा हवा जाते. ट्यूबच वाईट येतात का?

उत्तर : क्वचित. बाहेर काढलेली ट्यूब फेकू नका, थोडी हवा भरून भोक कुठे आहे ते बघा. रस्त्याच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा किंवा खिळा. व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब टायरवर धरली की काट्याची जागा सापडते. तरी आतून पूर्ण टायर बोटांनी हळू चाचपा. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडावर ट्यूब रिमखाली चेमटली. रिमच्या बाजूला भोक असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर टायर रिमवर फिरला. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळून टाकू नका, वर टोपीपाशी ठेवा. टायर फिरू लागला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो.

तुमच्या बाबतीत मात्र लिव्हरचा, म्हणजे टायर काढायच्या-चढवायच्या पट्टीचा, संशय जास्त. ट्यूब घालण्याआधी तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरा, म्हणजे ती लिव्हरखाली येत नाही. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला घ्या आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. चढवलेला भाग गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोल खाचेत बसवत चला. तो खाचेत असला की शेवटची वीतभर कड साबणाच्या पाण्यावर सहज सरकते. लिव्हरवर अंगाचा भार टाकावा लागतोय, म्हणजे समोरची कड खाचेतून निसटलीय; थांबा, ती पुन्हा दाबा. जोर लावला की ट्यूब चिमटलीच. हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह आत ढकलून परत ओढा.

जादा ट्यूब नेताना 21 इंची पुढची न्या. ती 18 इंची मागच्या चाकात कामचलाऊ बसते. उलटं जमत नाही.

प्रश्न : ओढ्यात गाडी आडवी होऊन इंजिन बंद पडलं तर?

उत्तर : स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी काठावर घ्या, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, आपलं तोंड बाजूला ठेवून इंजिन फिरवा. पाणी प्लगच्या भोकातून उडेल. मग ऑइल बघा. पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर ते बदलेपर्यंत गाडी दोरीनेच ओढावी लागेल.