वाचक विचारतात : कपाटातले सुपरहिरो

(सुपरहिरोंच्या ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणारे छोटे पुतळे, आणि मिनी-बस्ट, म्हणजे कमरेपर्यंतचे छोटे पुतळे, जमवणाऱ्या मोठ्या माणसांची, आणि त्यांच्या घरच्यांचीही, बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या बाई नाशिकच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका असून स्वतः अनेक वर्षं हा संग्रह करतात.)

प्रश्न : माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. अंबडला एका कंपनीत इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, घरात पैसे देतो. पण त्याच्या खोलीत काचेचं कपाट भरून स्पायडरमॅन, बॅटमॅन असे पुतळे आहेत. मध्यंतरी मुलीकडची मंडळी आली होती. त्यांतले एक काका म्हणाले, ‘अजून खेळण्यातच आहे वाटतं.’ मला फार लागलं. त्या कपाटाला पडदा लावावा की त्याला हे बंद करायला सांगावं? — एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, पडदा लावू नका. पुढच्या वेळी पाहुणे आले की मुलीला ते कपाट बघू द्या आणि त्यातली एखादी फिगर मुलालाच काढून दाखवायला सांगा. आवडीच्या गोष्टीबद्दल माणूस कसा बोलतो, हे तिला त्या पाच मिनिटांत कळेल. पगाराच्या आकड्यातून ते कळत नाही.

आता त्या काकांच्या बोलण्याबद्दल. या वस्तूंची सुरुवात मुलांच्या खेळण्यांतून झाली हे खरंच आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीनं बारा इंची जी.आय. जो हा सैनिक बाहुला आणला. दोन वर्षांनी आयडियल कंपनीचा कॅप्टन ॲक्शन आला. बाहुला एकच, पण पोशाख आणि मुखवटा बदलला की त्याचा सुपरमॅन व्हायचा, बॅटमॅन व्हायचा आणि वेताळही व्हायचा. हो, आपला वेताळ! इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्या पिढीनं मराठीत वाचलेला, कवटीची अंगठी घालणारा. १९७२ पासून मेगो कंपनीच्या आठ इंची, कापडी कपड्यांच्या फिगर आल्या. इथवर सगळं मुलांसाठीच होतं. पुढे ती मुलं मोठी झाली, कमावू लागली, आणि आपल्या आवडत्या पात्राचा चेहरा नीट घडवलेला असावा असं त्यांना वाटू लागलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रँडी बोवेन या अमेरिकन शिल्पकारानं मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या पात्रांचे मिनी-बस्ट काढायला सुरुवात केली. डोक्यापासून कमरेपर्यंतचा रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचा पुतळा, खाली बैठक, बैठकीच्या तळाला आवृत्तीचा क्रमांक. त्याच्याशी मुलांनी खेळावं अशी अपेक्षाच नव्हती. तो शेल्फवर ठेवून बघण्यासाठी होता.

मी आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली, म्हणून माझं या विषयावरचं मत ठाम आहे. हा मूर्तिकलेचाच एक प्रकार आहे आणि तो त्याच नजरेनं बघायला हवा. आपण गणपती घ्यायला जातो तेव्हा दहा मूर्ती बघतो. सगळ्या एकाच साच्यातल्या असतात, तरी एकीपाशीच पाय थांबतात, कारण तिच्या डोळ्यांची आखणी जमलेली असते. तुमचा मुलगा नेमकं हेच करतो. त्याला विचारा, हल्कचे चार पुतळे असतील तर त्यांतला हाच का घेतलास? तो सांगेल, याच्या मानेची शीर बघ, याच्या रागात थोडं दुःख आहे, बाकीच्यांचे नुसते दात विचकलेले आहेत. असं उत्तर आलं तर समजा की मुलाची नजर तयार झाली आहे. अंजनेरीला नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे मोठमोठी माणसं भिंग लावून नाणी बघत बसतात आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

काळजी करायचीच असेल तर ती वेगळ्या गोष्टींची करा. खरेदी क्रेडिट कार्डाच्या उधारीवर चालली आहे का? पार्सलं घरच्यांपासून लपवली जातात का? पलंगाखाली न उघडलेली खोकी साचली आहेत का? यांतलं काही दिसलं तर जरूर बोला, पण पैशांबद्दल बोला. पुतळ्यांना मध्ये आणू नका.

प्रश्न : हे पुतळे घेऊन ठेवले तर पुढे सोन्यासारखी किंमत येते म्हणतात. गुंतवणूक म्हणून घ्यावेत का? — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : नाही. काही जुन्या वस्तूंची किंमत वाढते, पण कंपनीनं तीच फिगर पुन्हा काढली की जुनीचा भाव खाली येतो, आणि कंपनी कधी पुन्हा काढेल हे कुणाच्या हातात नसतं. सोनं हवं असेल तर सराफ बाजार आहेच.

प्रश्न : काकू, मी आयटीआय करून सातपूरला लागलो आहे. महिन्याला हजार-बाराशे रुपये या छंदासाठी बाजूला टाकू शकतो. फिगर घेऊ की मिनी-बस्ट? आणि ऑनलाइन चारशे रुपयांत मिळतात त्या फिगर चांगल्या असतात का? — एक तरुण, सिडको

उत्तर : बाळा, आधी माप ठरव. माप एक असलं की कपाट एकसंध दिसतं. सगळ्यात जास्त निवड सहा इंची मापात आहे. त्याला १:१२ म्हणतात, म्हणजे सहा फुटी माणूस सहा इंचांत. मार्व्हल लेजंड्स ही मालिका याच मापाची. २००२ मध्ये टॉय बिझ कंपनीनं ती सुरू केली, आता हॅस्ब्रो काढते. मॅकफार्लेन कंपनीच्या डीसी कॉमिक्सच्या पात्रांच्या फिगर सात इंची असतात. त्या सहा इंचीच्या शेजारी उभ्या केल्या की बॅटमॅन उगाच ताडमाड दिसतो. बारा इंची म्हणजे १:६, कापडी पोशाखाच्या आणि फार महाग. त्यांच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. मिनी-बस्टही बहुधा १:६ मापाचाच असतो, पण कमरेपर्यंतचाच असल्यामुळे शेल्फवर जेमतेम वीतभर जागा घेतो.

तुझ्या बजेटात मी आधी फिगर घ्यायला सांगेन. तिचे खांदे, कोपरे, गुडघे हलतात, त्यामुळे ती उभी करताना तू शिकतोस. वजन कुठल्या पायावर द्यायचं, कंबर किती वळवायची, मान कुठे झुकवायची. चित्रकलेच्या वर्गात आम्ही याच कामासाठी लाकडी पुतळा ठेवायचो. दोन-तीन महिन्यांचे पैसे साठव आणि मनापासून आवडलेली एकच घे. एकच पात्र धरलंस तरी उत्तम. एकाच स्पायडरमॅनच्या पाच शिल्पकारांनी केलेल्या फिगर शेजारी ठेवून बघ, म्हणजे प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो.

खऱ्या फिगरची किंमत जास्त का, तर २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. आपल्याकडे माल कमी येतो आणि महाग येतो, त्याची ही कारणं. ज्यांनी लहानपणी फनस्कूलचे जी.आय. जो रविवार कारंजा किंवा मेनरोडवरच्या दुकानात खाऊच्या पैशांतून घेतले, त्यांना हे जड जातं, पण आजचा व्यवहार असा आहे.

चारशेवाली बहुतेक वेळा नक्कल असते. ओळखायची कशी? चेहरा बघ. डोळ्यांची बुबुळं दोन दिशांना गेलेली असतात किंवा पांढरा रंग पापणीबाहेर ओघळलेला असतो. छातीवरच्या चिन्हाची कड धूसर असते, कारण खऱ्या फिगरवरून साचा काढताना बारकावे पुसले जातात. त्याच कारणानं नक्कल खऱ्यापेक्षा किंचित लहानही भरते. पाठीवर, मांडीमागे किंवा तळपायाला कंपनीचं नाव आणि वर्ष बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. नकलेत ते गायब असतं किंवा खरवडलेलं असतं. सांधे एक तर लुळे, नाही तर दगडासारखे घट्ट. आणि खोकं उघडताच रॉकेलसारखा उग्र वास आला तर ती परत कर. विकणाऱ्याकडे तळपायाचा आणि पाठीचा फोटो आधीच मागत जा. खरा संग्राहक असेल तर तो आनंदानं पाठवतो.

प्रश्न : माझ्या काही जुन्या फिगर खोक्यात घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. आता काढल्या तर हाताला चिकट लागतात, तेल लावल्यासारख्या. आणि एकाचे पांढरे बूट पिवळे पडले आहेत. टाकून द्याव्यात का? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : टाकू नका! चिकटपणा जातो.

फिगरचे मऊ भाग, म्हणजे केप (पाठीवरचा झगा), हात, चेहरा, हे पीव्हीसीचे असतात. ते लवचीक राहावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात. उष्णतेत ते हळूहळू बाहेर झिरपतं. बंद खोक्यात हवा खेळत नाही, म्हणून ते पृष्ठभागावरच साचून राहतं. नाशिकचा मे महिना आणि पत्र्याखालचा किंवा स्लॅबखालचा माळा, आणखी काय हवं? कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाका आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशनं सांध्यांच्या खाचांतून हळू घासा. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. चिकटपणाबरोबर रंगही जाईल. स्वच्छ पाण्यातून काढून पंख्याखाली पूर्ण दिवस उलट-सुलट करून वाळवा. काही सांध्यांत धातूची पिन असते आणि आत पाणी राहिलं तर ती गंजते. काही महिन्यांनी पुन्हा चिकट वाटलं तर पुन्हा धुवा.

सांधे इतक्या वर्षांत धरलेले असतील, तर जोर लावू नका. तो हात कढत पाण्यात, उकळत्या नव्हे, मिनिटभर बुडवा. प्लास्टिक मऊ पडतं आणि सांधा हलतो. वाकलेली तलवार किंवा पायही असाच गरम करून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात धरायचा, म्हणजे त्याच आकारात बसतो.

पिवळेपणाचं मात्र खरं सांगते, तो पूर्ण जात नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच बदललेलं असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची एक पद्धत आहे. तिनं रंग उजळतो, पण कालांतरानं पुन्हा पिवळा होऊ शकतो आणि शेजारच्या रंगकामाला धक्का लागतो. मी ते बूट तसेच राहू देईन.

आता त्यांना माळ्यावर ठेवू नका. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडून सरकत्या काचांचं उथळ कपाट करून घ्या, एका फिगरची खोली पुरते. काचेच्या फटीला ब्रशची पट्टी लावायला सांगा. गंगापूर रोडकडे सध्या एवढी बांधकामं चालू आहेत की पट्टीशिवाय आठवड्यात केपवर सिमेंटचा थर बसतो. मी रोज बघते. आतल्या एलईडी पट्टीचा ॲडॅप्टर कपाटाबाहेर ठेवा, त्याचीच उष्णता जास्त असते. पावसाळ्यात खोकी आणि पुठ्ठे जपायचे असतील तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

प्रश्न : चार वर्षांची नात माझ्या कपाटापुढे उभी राहून रोज मागते. हात लावू द्यावा का? — एक आजोबा, पंचवटी

उत्तर : रेझिनचा बस्ट देऊ नका, तो जड असतो आणि पायावर पडला तर दोघांनाही इजा. एक मजबूत, सुटा पंजा किंवा शस्त्र नसलेली फिगर तिच्या नावानं वेगळी काढून ठेवा आणि तुमच्या शेजारी बसवून खेळू द्या. आणि दिवाळीत तिनं किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी कॅप्टन अमेरिकाला पहाऱ्याला उभं केलं तर अडवू नका. महाराजांचं सिंहासन मात्र सगळ्यांत वर असावं, एवढंच तिला सांगा.

प्रश्न : साफसफाई करताना मिनी-बस्ट पडला. उजव्या हाताचं एक बोट तुटलं, तुकडा सापडला आहे. झटपट गमनं चिकटवलं तर दोन दिवसांत पुन्हा निघालं आणि भोवती पांढरा डाग आला. आवृत्ती मर्यादित आहे, दुसरा मिळणार नाही. — एक गृहिणी, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, बोट होतं तसं बसेल. रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असते, म्हणून बस्ट जड आणि गारगार लागतो, आणि म्हणूनच तो वाकत नाही, सरळ तुटतो. बोटासारख्या बारीक ठिकाणी नुसता गम पुरत नाही, आत आधार लागतो. पांढरा डाग त्या झटपट गमच्या वाफेचा आहे. थोड्याशा खोबरेल तेलाचं बोट हलकं फिरवून पुसलंत तर बरेचदा दिसेनासा होतो, पण चिकटवण्याच्या जागेला तेल लागू देऊ नका. हे काम सगळ्यात शेवटी करा.

जुना गम टोकदार सुईनं खरवडून काढा, दोन्ही तुटके भाग कोरडे आणि स्वच्छ करा. मग हातानं फिरवायचं बारीक ड्रिल घ्या, एक मिलिमीटरचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तुटलेल्या बोटात मधोमध तीन-चार मिलिमीटर खोल भोक पाडा. त्याच्या तोंडाशी रंगाचा ओला ठिपका लावून बोट जागेवर टेकवा, म्हणजे हातावर समोरचा ठिपका उमटेल. तिथे दुसरं भोक. कागदाची यूपिन सरळ करून तिचा बेताचा तुकडा कापा आणि आधी गम न लावता सगळं जुळवून बघा. सांधा केसाइतकाही सरकलेला दिसला तर हातावरचं भोक किंचित मोठं करा, पिनेला हलायला जागा मिळते.

जुळलं की दोन ट्यूबचं इपॉक्सी, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणारा गम, समप्रमाणात मिसळा, टाचणीच्या टोकानं भोकात आणि कडेला लावा, बोट दाबून बसवा. बाहेर आलेलं इपॉक्सी ओलं असतानाच कापसाच्या काडीनं पुसा. बस्ट आडवा करून मऊ टॉवेलवर असा टेकवा की बोटाचं वजन सांध्यावर येणार नाही, आणि चोवीस तास हात लावू नका. फट उरली तर एम-सीलची इवलीशी गोळी दाबून भरा, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. रंगासाठी मॅट ॲक्रिलिक वापरा आणि शून्य नंबरचा ब्रश. त्वचेचा रंग एकाच थरात पूर्ण देऊ नका, पातळ थर द्या, दोन थरांमध्ये सुकू द्या. रंग जुळतोय का हे दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नेहमीच फसगत होते. अडलं तर सदराच्या पत्त्यावर बोटाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, रंग कुठले मिसळायचे ते मी कळवीन.