पिल्लू घरी आणलंत? आधी त्याचं बोलणं शिका

रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंत, फार छान केलंत! 'बस', 'शेकहँड' शिकवायची घाई मात्र नको.

सगळ्यात जास्त गफलत शेपटीबाबत होते. शेपटी हलली म्हणजे खूश, असं नसतं. सैल अंगाने, कंबरेसकट हलणारी शेपटी आनंदाची. ताठ उभारून थरथरणारी दिसली की हात आवरा. झोप नसताना जांभई, खाऊ नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं 'जरा लांब राहा' असं सांगणं असतं.

आणखी तीन गोष्टी:

- गुरगुरला म्हणून मारू-ओरडू नका. ती सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो.
- वरून डोक्यावर हात नको. बाजूला बसा, हुंगू द्या, मग छातीवर खाजवा.
- एका कृतीला घरात एकच शब्द. आई 'ये' आणि बाबा 'कम' म्हणाले तर तो गोंधळतो. सोबत हाताची खूण करा. कधीच न शिकवलेली रस्त्यावरची बरीच कुत्रीही माणसाने बोट दाखवलेली दिशा ओळखतात, हे कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलंय.

क्लिकर (शिकवताना वापरायचं 'टिक्' वाजणारं छोटं साधन), शिट्टी वगैरे नंतर बघू. तो नीट जेवतोय का, झोपायला कुठला कोपरा निवडलाय, ते आधी कळवा.